कुठली बुंडेसलीगा? २०२० च्या टाळेबंदीतलं एक प्रकरण

६ मे २०२०, रात्रीचे साडेनऊ. त्या दिवसांत क्रीडा पान आम्ही घरूनच लावत होतो. बेलारूसचं फुटबॉल सोडलं तर जगात फारसं काही खेळलं जात नव्हतं. पान भरायचं ते जुन्या सामन्यांच्या आठवणींनी आणि रद्द झालेल्या स्पर्धांच्या याद्यांनी. त्या रात्री मात्र खरी, ताजी बातमी हाती लागली. जर्मनीच्या चॅन्सेलर आंगेला मर्केल आणि तिथल्या राज्यांचे मुख्यमंत्री यांची बैठक झाली होती आणि मेच्या उत्तरार्धात बुंडेसलीगा सुरू करायला परवानगी मिळाली होती. युरोपातली पहिली मोठी लीग पुन्हा मैदानात उतरणार, म्हणून बातमी वरच्या बाजूला, चार कॉलम.

त्याच पानावर खाली दोन कॉलमांत विश्वनाथन आनंद होता. फेब्रुवारीत तो बुंडेसलीगा खेळायला जर्मनीला गेला होता, १६ मार्चला परत यायचा होता, आणि विमानंच बंद झाल्यामुळे तिथेच फ्रँकफर्टजवळ अडकून पडला होता. घरचे चेन्नईत, तो तिकडे.

आमच्या विभागातल्या एका नव्या मुलाने दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या आणि वरच्या बातमीच्या शेवटी आपल्याकडून एक वाक्य जोडलं: ‘या निर्णयामुळे जर्मनीत अडकलेल्या विश्वनाथन आनंदचाही पुन्हा खेळण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.’ पान सोडायला दहा मिनिटं होती तेव्हा ते माझ्या नजरेला पडलं आणि मी काढलं. मग त्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, पण दोन्हीकडे बुंडेसलीगाच लिहिलंय.”

लिहिलं होतं खरं, पण वरची बुंडेसलीगा फुटबॉलची होती आणि आनंदची बुद्धिबळाची. वृत्तसंस्थेच्या एका बातमीत फुटबॉल हा शब्द पाचव्या ओळीत होता, दुसरीत बुद्धिबळ हा शब्द बुंडेसलीगापासून दोन परिच्छेद लांब होता. मुलाच्या तर्कात खोट नव्हती. खोट होती ती आमच्या सगळ्यांच्या सवयीत. वर्षानुवर्षं एक शब्द वापरत आलो, आणि तो शब्द नेमका काय सांगतो याचा विचार कोणी केला नाही. त्या रात्री फोनवर त्याला जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट मांडतो आहे. त्या वसंतात जर्मनीत एकाच नावाच्या निदान सहा-सात लीग होत्या आणि प्रत्येकीचं नशीब वेगळं निघालं. एरवी नावाच्या पांघरुणाखाली झाकलेलं सगळं त्या तीन महिन्यांत उघड्यावर आलं. म्हणून हे प्रकरण मला अभ्यासासारखं वाटतं.

नाव म्हणजे पायरी

‘बुंड’ म्हणजे संघ, संघराज्य. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी संघराज्य म्हणून उभी राहिली आणि देशपातळीवरच्या प्रत्येक गोष्टीला हा उपसर्ग लागला. संसद बुंडेसटाग, रेल्वे बुंडेसबान, टपाल बुंडेसपोस्ट, सैन्य बुंडेसवेअर. त्यात लीगही आली. तेव्हा बुंडेसलीगा म्हणजे शब्दशः ‘संघराज्य पातळीवरची लीग’, बस. तो उपसर्ग ऐकून कोणी असं समजत नाही की रेल्वे आणि सैन्य एकाच कार्यालयातून चालतं.

आपल्याकडे ‘अखिल भारतीय’ हे शब्द असेच काम करतात. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन यांच्या नावात एका शब्दाचा फरक, पण संस्था वेगळ्या, पैसा वेगळा, भांडणंही वेगळी. आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर शालेय क्रीडा स्पर्धा घ्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. खो-खो असो, कबड्डी असो की ज्युदो, पायऱ्यांची नावं तीच. ‘मी नॅशनल खेळलोय’ असं कोणी सांगितलं की आपण लगेच विचारतो, ‘कशाची?’ जर्मनीतही खाली क्राइसलीगा, मग बेत्सिर्क्सलीगा, लांडेसलीगा, ओबरलीगा, रेगिओनाललीगा अशा पायऱ्या आहेत. त्यातल्या काहींचा क्रम खेळागणिक इकडेतिकडे होतो, पण गावातला टेबल टेनिसचा क्लब आणि शेजारचा हँडबॉलचा क्लब जवळपास याच शब्दांत आपली पत सांगतात. बुंडेसलीगा ही त्या जिन्याची वरची पायरी.

आता एक गोष्ट, जी मलाही बरीच उशिरा कळली. हे नाव घ्यायला फुटबॉल पहिलं नव्हतं. आइस हॉकीची बुंडेसलीगा १९५८ साली सुरू झाली, फुटबॉलच्या पाच वर्षं आधी. तोवर पश्चिम जर्मनीचं फुटबॉल पाच प्रादेशिक ओबरलीगांमध्ये वाटलेलं होतं आणि विजेता ठरायचा तो हंगामाअखेरच्या अंतिम फेरीत. २८ जुलै १९६२ ला डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनहालमध्ये फुटबॉल संघटनेच्या अधिवेशनात मतदान झालं, १०३ विरुद्ध २६, आणि देशभराची एकच लीग करायचं ठरलं. २४ ऑगस्ट १९६३ ला सोळा संघांनिशी ती सुरू झाली. पहिला गोल डॉर्टमुंडच्या टिमो कोनिएत्स्काने ब्रेमेनमध्ये पहिल्याच मिनिटात मारला. त्या गोलचं छायाचित्र कोणाकडेच नाही, कारण छायाचित्रकार दुसऱ्या गोलमागे उभे होते. ज्या लीगच्या प्रत्येक क्षणावर आज डझनभर कॅमेरे लागलेले असतात, तिची सुरुवात अशी डोळ्यांआड झाली.

१९६६ मध्ये हँडबॉल, बास्केटबॉल आणि टेबल टेनिस यांच्या बुंडेसलीगा आल्या, सत्तरच्या दशकात व्हॉलीबॉलची, १९८० मध्ये बुद्धिबळाची. कोणी कोणाची परवानगी मागितली नाही, कारण मागण्यासारखं काही नव्हतंच. पूर्व जर्मनीत हा उपसर्ग चालणारच नव्हता. तिथल्या फुटबॉलची सर्वोच्च लीग ओबरलीगा म्हणवली जायची, म्हणजे पश्चिमेत जे नाव खालच्या पायरीला गेलं होतं तेच पूर्वेत शिखरावर होतं. एकीकरणानंतर १९९१ मध्ये हान्सा रोस्टॉक आणि डायनॅमो ड्रेस्डेन या दोन संघांना पूर्वेच्या ओबरलीगातून बुंडेसलीगात जागा मिळाली.

ज्यांनी नाव सोडलं

१९५८ मध्ये हे नाव घेणाऱ्या आइस हॉकीनेच १९९४ मध्ये ते टाकून दिलं. ही हकिकत इथे सांगायलाच हवी, कारण २०२० मध्ये काय घडलं ते समजायला ती लागते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले बरेचसे हॉकी क्लब कर्जात होते. बढती आणि घसरण यांच्या भीतीने प्रत्येक जण ऐपतीपेक्षा महागडे खेळाडू आणायचा आणि दोन वर्षांत बसायचा. उपाय म्हणून उत्तर अमेरिकेच्या धर्तीवर क्लबांची मिळून एक व्यावसायिक लीग काढली. क्लबांनी कंपन्या व्हायचं आणि लीग त्या कंपन्यांची. नाव ठेवलं डॉइचे आइसहॉकी लीगा, म्हणजे डीईएल. पहिल्या हंगामात अठरा संघ होते. आदल्याच हंगामात जर्मन विजेता ठरलेला म्युनिकचा संघ मॅडडॉग्ज या नव्या, इंग्रजी वळणाच्या नावाने उतरला आणि डिसेंबर १९९४ मध्येच दिवाळखोरीत जाऊन बंद पडला. नाव बदलल्याने हिशेब बदलत नाही, हे पहिल्याच थंडीत दिसलं. लीग मात्र टिकली.

नंतर आणखी विचित्र झालं. खालच्या लीगचं नाव दोन-तीनदा बदललं आणि १९९९ पासून ती ‘दुसरी बुंडेसलीगा’ झाली. २०१३ पर्यंत जर्मन आइस हॉकीत दुसरी बुंडेसलीगा होती, पहिली नव्हती. वर डीईएल, खाली दुसरी बुंडेसलीगा. जिन्याची वरची पायरी उचलून नेली आणि खालचीवरचा आकडा तसाच राहिला. बाहेरच्या माणसाला हे कसं समजावं? मी त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला, “म्हणजे नावावरून काहीच धरायचं नाही.” तसं नाही. नावावरून पायरी धरायची, पण ती आजही तिथेच आहे ना हे एकदा पाहायचं.

मार्च ते जून २०२०

आता मूळ प्रकरण.

सर्वात आधी थांबली ती आइस हॉकी. साखळी संपली होती, रेड बुल म्युनिक अव्वल होता, बाद फेरी तोंडावर होती. मोठ्या गर्दीवर बंदी आली आणि १० मार्चला डीईएलने हंगामच संपवला. विजेता कोणीही नाही. प्रेक्षकांविना बाद फेरी खेळवण्यात अर्थ नव्हता, कारण या क्लबांचं वर्षभराचं गणित तिकिटांवर उभं असतं आणि बाद फेरी म्हणजे सुगी. रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायचं म्हणजे बर्फ, वीज, पगार हा सगळा खर्च तसाच आणि गल्ला शून्य. व्हॉलीबॉलची बुंडेसलीगाही विजेता जाहीर न करता आटोपली.

फुटबॉलने ११ मार्चला ग्लाडबाख विरुद्ध कोलोन हा सामना रिकाम्या मैदानात खेळवला. बुंडेसलीगाच्या इतिहासातला पहिला प्रेक्षकशून्य सामना. जर्मन लोक अशा सामन्याला ‘भुतांचा सामना’ म्हणतात. दोन दिवसांनी तीही थांबली. २५ फेऱ्या झाल्या होत्या, नऊ उरल्या होत्या. आणि उरलेल्या फेऱ्यांवर पैसा टांगलेला होता. २०१७ ते २०२१ या चार हंगामांचे देशांतर्गत प्रक्षेपण हक्क ४.६४ अब्ज युरोंना विकले गेले होते. सामने झाले नाहीत तर दूरचित्रवाणीकडून यायचा हंगामाचा शेवटचा हप्ता अडणार होता आणि काही क्लब त्या हप्त्यावरच तग धरून होते. इथे आइस हॉकीचं गणित नेमकं उलटं फिरतं. फुटबॉलचा मोठा गिऱ्हाईक घरात, पडद्यासमोर बसलेला. स्टेडियम रिकामं असलं तरी माल विकला जातो.

म्हणून फुटबॉलने कंबर कसली. राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर यांच्या नेतृत्वाखाली आरोग्य आराखडा तयार झाला. खेळाडूंच्या वारंवार चाचण्या, सामन्यापूर्वी संघ हॉटेलात बंद, स्टेडियमच्या आवारात मोजून सुमारे तीनशे माणसं. १६ मे ला डॉर्टमुंड आणि शाल्के भिडले. एरवी ८१ हजारांच्या त्या स्टेडियममध्ये दक्षिणेकडच्या स्टँडवर पंचवीस हजार माणसं उभी राहून पिवळी भिंत उभारतात. त्या दिवशी पायात बसलेल्या चेंडूचा आवाज आणि प्रशिक्षकांची हाक एवढंच ऐकू येत होतं. राखीव खेळाडू तोंडाला मास्क लावून अंतर राखून बसलेले. एरलिंग हालांडने २९ व्या मिनिटाला पहिला गोल केला, आणि कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. ४-० ने जिंकल्यावर डॉर्टमुंडचे खेळाडू नेहमीप्रमाणे दक्षिण स्टँडकडे चालत गेले, अंतर ठेवून ओळीत उभे राहिले आणि रिकाम्या पायऱ्यांना सलामी दिली. पान लावता लावता मी तो सामना पाहत होतो. त्या सलामीच्या वेळी माझे हात कीबोर्डवर थांबले होते.

तिकडे हँडबॉलने २१ एप्रिललाच हंगाम संपवला होता. हँडबॉलमध्ये दूरचित्रवाणीचा पैसा थोडा, तिकिटं आणि गावातले प्रायोजक मुख्य. सगळ्या संघांचे सामने सारखे झाले नव्हते म्हणून मिळवलेल्या गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागून क्रमवारी लावली आणि टीएचडब्ल्यू कील विजेता ठरला. कोणालाही खाली ढकललं नाही, खालून दोन संघ वर घेतले, त्यामुळे पुढच्या हंगामात अठराऐवजी वीस संघ झाले. हा निर्णय मला फार माणुसकीचा वाटतो. शेवटच्या स्थानी असलेल्याला ‘तू सावरला नसतासच’ असं न खेळता कोण सांगणार?

आणि कील शहर पाहा. उत्तर जर्मनीतलं बंदराचं गाव, हँडबॉलवेडं. तिथला हँडबॉल संघ बुंडेसलीगाचा विजेता झाला, पण जल्लोष नाही, गर्दी नाही. त्याच गावातला फुटबॉलचा होल्श्टाइन कील दुसऱ्या बुंडेसलीगात खेळत होता, आणि तो मे महिन्यात पुन्हा मैदानात उतरला. गावातला सर्वात यशस्वी संघ घरी बसलेला आणि दुसऱ्या श्रेणीतला संघ खेळतोय. फरक गुणवत्तेचा नव्हता. एका खेळाच्या दुसऱ्या पायरीलाही दूरचित्रवाणीचं छत्र होतं, दुसऱ्याच्या पहिल्या पायरीलासुद्धा तेवढं नव्हतं.

बास्केटबॉलने मधला रस्ता काढला. सतरापैकी दहा क्लब तयार झाले, सगळ्यांना म्युनिकमध्ये एका हॉटेलात ठेवलं, एकाच हॉलमध्ये जूनचे तीन आठवडे स्पर्धा घेतली आणि आल्बा बर्लिन जिंकला. उरलेल्या सात क्लबांचा हंगाम मार्चमध्येच संपला होता. टेबल टेनिसची बाद फेरी जूनमध्ये झाली आणि झारब्र्यूकनने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. त्याच झारब्र्यूकनचा फुटबॉल संघ तेव्हा चौथ्या श्रेणीत असून जर्मन चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. त्या शहरासाठी तो जून विसरण्यासारखा नसणार.

महिला फुटबॉलची बुंडेसलीगा वेगळी सांगावी लागते. १९९० पासून ती आहे, खेळ तोच, नाव तेच, पण ती चालवते जर्मन फुटबॉल संघटना. पुरुषांची लीग ज्यांच्या हाती आहे त्या छत्तीस क्लबांच्या कंपनीचा तिच्याशी संबंध नाही. ६ मेच्या परवानगीत उल्लेख होता तो पुरुषांच्या पहिल्या आणि दुसऱ्या लीगचा. महिलांनी २९ मे ला खेळायला सुरुवात केली आणि वोल्फ्सबुर्ग विजेता झाला. चाचण्यांचा खर्च त्या क्लबांच्या आवाक्यात नव्हता. पुरुषांच्या चार श्रीमंत क्लबांनी मिळून उभारलेल्या वीस दशलक्ष युरोंच्या निधीतला काही भाग तिकडे वळला तेव्हा ते जमलं. एकाच खेळाच्या, एकाच नावाच्या दोन लीगांमध्ये एवढं अंतर. आमच्या पानावर महिलांच्या पुनरागमनाला एक कॉलम मिळाला. आज मी त्याला तीन देईन.

आनंदची बुंडेसलीगा

बुद्धिबळाची बुंडेसलीगा वाचकांना नीट सांगायला हवी, कारण आनंद तिथे नेमका काय करायला गेला होता हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक होतं. सोळा संघ, प्रत्येक लढत आठ पटांवर, आणि सामने शनिवार-रविवार जोडून. ग्रँडमास्टर देशोदेशींहून विमानाने येतात, दोन दिवस क्लबसाठी खेळतात आणि परत जातात. आनंद बाडेन-बाडेनच्या संघाकडून खेळायचा. मोठ्या स्टेडियमचा प्रश्नच नाही. एखादं सभागृह, टेबलं मांडलेली, पाहायला आलेले लोक दोरीच्या पलीकडे कुजबुजत.

म्हणजे प्रेक्षक नसले तरी फार अडत नाही, प्रक्षेपणाचा हप्ताही नाही, तरी ही बुंडेसलीगा सुरू होऊ शकली नाही. तिचा अडसर प्रवासाचा होता. तिचे अनेक नामवंत खेळाडू परदेशी, आणि सीमा बंद. शिवाय दोन माणसांनी पाच-पाच तास समोरासमोर, हातभर अंतरावर बसायचं. हंगाम अर्धवट राहिला, तो पुढे ओढत २०२१ मध्ये संपवला. आनंदच्या लीगचा ‘मार्ग मोकळा’ व्हायला दीड वर्ष जाणार होतं, आणि आमच्या पानावर ते त्या रात्रीच होणार होतं.

एकाच क्लबच्या आत हे सगळं कसं दिसलं असेल, तर वेर्डर ब्रेमेनकडे पाहावं. फुटबॉलचे चार वेळा जर्मन विजेते. त्यांचा बुद्धिबळ संघ २००५ मध्ये बुंडेसलीगा जिंकलेला, टेबल टेनिसचा संघ २०१३ मध्ये. तिघांच्या अंगावर तेच हिरवं-पांढरं चिन्ह, तिघेही बुंडेसलीगात. मे २०२० मध्ये त्यातले फुटबॉलपटू खाली घसरू नये म्हणून जीव तोडून खेळत होते, आणि त्यांच्याच क्लबचे बुद्धिबळपटू घरी बसले होते.

नुसतं नाव कोणाचं?

एवढ्या बुंडेसलीगा असताना नुसतं ‘बुंडेसलीगा’ म्हटलं की फुटबॉलच का समजायचं? कायद्याने नव्हे, वापराने. आपल्याकडेही नुसतं ‘संमेलन’ म्हटलं की साहित्य संमेलन. नाट्य संमेलनाला मात्र ‘नाट्य’ लावावंच लागतं. मोठ्याला विशेषण लागत नाही. बाकीच्या बुंडेसलीगांनी हळूहळू आद्याक्षरांचा आसरा घेतला आहे. हँडबॉल एचबीएल, बास्केटबॉल बीबीएल, टेबल टेनिस टीटीबीएल, व्हॉलीबॉल व्हीबीएल. त्यापुढे प्रायोजकाचं नाव जोडलं की बुंडेसलीगा हा अख्खा शब्दच फलकावरून जातो. २०२० मध्ये हँडबॉलची लीग ‘लिकी मोली एचबीएल’ होती. मोटारीच्या तेलाच्या कंपनीचं नाव पूर्ण, आणि ज्या शब्दाने पायरी कळते तो एका अक्षरात उरलेला. याचं मला वाईट वाटतं. प्रायोजक लागतो हे मान्य, क्लब चालवायला पैसा लागतोच. पण तो शब्द पन्नास वर्षं खेळाडूंनी कमावलेला होता.

आणि गोंधळ नुसता बाहेरच्यांचाच होतो असंही नाही. २०२४ मध्ये बायर्न म्युनिक फुटबॉलमध्ये तिसऱ्या स्थानी राहिला, बायर लेव्हरकूझन विजेता झाला. त्याच वर्षी बायर्नचाच बास्केटबॉल संघ जर्मन विजेता होता. ‘२०२४ मध्ये बायर्नने बुंडेसलीगा जिंकली का?’ या प्रश्नाला हो आणि नाही ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. जर्मन लोक म्हणूनच औपचारिक लिहिताना लीगचं नाव घेण्याऐवजी ‘जर्मन विजेता’ म्हणतात आणि पुढे खेळ सांगतात.

आपल्याकडची उलटी गोष्ट

आपल्याकडेही नावं सारखी आहेत, पण वेगळ्या कारणाने. १९९२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉलने प्रीमियर लीग काढली. आपण २००८ मध्ये ते नाव क्रिकेटला लावलं, ते तुफान चाललं, आणि मग ज्याने त्याने उचललं. खरं तर हॉकीने ते आधीच, २००५ मध्ये लावून पाहिलं होतं. प्रीमियर हॉकी लीग २००८ पर्यंत चालली. २०२३ मध्ये प्रीमियर हँडबॉल लीग आली, महाराष्ट्र आयर्नमेन जिंकले, आणि आमच्या संगणकात ‘पीएचएल’ शोधलं तर हॉकी आणि हँडबॉलच्या बातम्या एकाच यादीत येऊ लागल्या.

फरक असा, की बुंडेसलीगा हे नाव खालून वर आलेल्या जिन्याचं आहे. त्या लीगखाली दुसरी श्रेणी आहे, तिच्याखाली तिसरी, अगदी गावापर्यंत. आपलं ‘प्रीमियर’ बहुतेक वेळा जिन्याविना टांगलेलं असतं. लिलावात संघ विकत घेतला जातो, खालून कोणी वर येत नाही. फुटबॉलमध्ये तर २०१४ पासून इंडियन सुपर लीग आणि २००७ पासूनची आय-लीग शेजारी शेजारी चालत होत्या, आणि देशाची पहिल्या श्रेणीची लीग कोणती यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०१९ मध्ये आशियाई महासंघाने आराखडा मान्य केला आणि सुपर लीगकडे तो मान गेला. ‘सुपर’ या शब्दातून पायरी कळायला पाच वर्षं लागली. कोल्हापूरच्या पेठापेठांतलं फुटबॉल पाहत मोठ्या झालेल्या पोराला ‘आपण जिंकत गेलो तर कुठपर्यंत जाऊ’ हे नावावरून कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. जर्मन पोराला क्राइसलीगात असतानाच ते माहीत असतं.

त्या ६ मेनंतर आम्ही विभागात एक साधा नियम केला. पहिल्या उल्लेखात खेळाचं नाव लीगच्या नावाआधी, त्याच वाक्यात. महिला संघ असेल तर तेही तिथेच. वाचकाला कळेलच, असं धरायचं नाही.

३० मे, शनिवार. आनंद फ्रँकफर्टहून दिल्लीमार्गे बेंगळुरूला पोहोचला आणि नियमाप्रमाणे विलगीकरणात गेला. रात्री उशिरा म्युनिकहून निकाल आला, बायर्नने डुसेलडोर्फला ५-० असं हरवलं. दोन्ही बातम्या पुन्हा त्याच मुलाकडे गेल्या होत्या. बाराच्या पुढे पान माझ्याकडे आलं. आनंदच्या बातमीची पहिली ओळ होती: ‘बुद्धिबळाच्या बुंडेसलीगासाठी फेब्रुवारीत जर्मनीला गेलेला विश्वनाथन आनंद साडेतीन महिन्यांनी मायदेशी परतला.’ आणि शेजारी: ‘फुटबॉलच्या बुंडेसलीगात बायर्नचा मोठा विजय.’ मी काना-मात्राही न बदलता पान सोडलं.